उमाटे काकांची दुपारची झोप

आधीच सांगून टाकते. या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी आजवर वाचले ते दुपारच्या चहाबरोबर, टाइमपास म्हणून. आमचे हे शाळेत विज्ञान शिकवतात आणि घरात लिंबू फक्त सरबतासाठी येतं. कोणी "अंगावर सर्रकन काटा आला" असं लिहिलं की आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसायचो. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसले आहे याचं मलाच हसू येतंय... म्हणजे, पूर्ण हसू नाही.

माझं कामही असं की त्यात अंदाजपंचे काही चालत नाही. मी डेटाबेस सांभाळते. दवाखाने, शाळा, छोट्या संस्था यांची सगळी माहिती कॉम्प्युटरमध्ये तक्त्यांच्या रूपात साठवलेली असते. ती सुरक्षित आहे का, मशीन नीट चालतंय का, हे बघायचं. वर्ध्याला घरूनच काम करते, गरज पडली तर जाते. काय झालं, किती वाजता झालं, हे मशीन स्वतः लिहून ठेवतं, आणि मी तेवढंच खरं धरते. निदान धरत होते.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. वार मंगळवार. समुद्रपूर तालुक्यात, गिरडच्या थोडं अलीकडे, एका संस्थेचा दवाखाना आहे. संस्थेचं आणि गावाचं नाव मुद्दाम देत नाही, आणि खाली आलेली माणसांची नावंही बदलली आहेत. दवाखाना म्हणजे चार खोल्या, पुढे लाल फरशीचा व्हरांडा, दारात कडुनिंब. गच्चीवर गेलं की लांब गिरडची टेकडी आणि वरचा दर्गा दिसतो. तिथे सिकलसेलचे पेशंट येतात. आपल्या विदर्भात हा आजार काय आहे ते वेगळं सांगायला नको. रक्तातच असतो, जन्मभर असतो, आणि काही लेकरांना वारंवार रक्त द्यावं लागतं. कोणत्या मुलाला कधी रक्त दिलं, कोणाला कोणतं रक्त सोसलं नाही, रिअ‍ॅक्शन आली — हे सगळं तिथल्या एका जुन्या सर्व्हरमध्ये होतं. आसपासच्या कितीतरी गावांतली माणसं त्या एका डब्यात.

तो डबा बदलायचा होता. नवीन सर्व्हर आठवड्याभरात येणार होता. त्याआधी जुन्या डेटाबेसची सेटिंग्ज कशी आहेत ते तपासून लिहून घ्यायचं, एवढंच माझं काम. किती मेमरी दिली आहे, एकावेळी किती जण जोडले जाऊ शकतात, नोंदी कुठे ठेवतो... अशी एक यादी मी घरूनच प्रिंट काढून नेली होती. समोर टिक करत जायचं. कंटाळवाणं काम. वर्ध्याहून एसटीने जाम, तिथून समुद्रपूर, आणि पुढे संस्थेची जीप. पोचले तेव्हा एक वाजला होता आणि बाहेर नुसतं भट्टीसारखं पेटलं होतं.

तिथल्या इनचार्ज नर्स रजनीताई. पन्नाशीच्या, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. मी बॅग ठेवायच्या आत त्या म्हणाल्या, "पहिले जेवून घ्या जी मॅडम. मशीन कुठं पळून नाई चालली."

भाकरी, वांग्याची भाजी, कांदा, वर पेलाभर कैरीचं पन्हं. जेवताना त्या सांगत होत्या, "परवा एक पोरगी आणली तिच्या मायनं. कार्ड हरवलं. मायले काई सांगता नाई आलं. म्या कॉम्प्युटरात पाह्यलं, त मागं तिले रक्ताची लय मोठी रिअ‍ॅक्शन आलती. तसंच चढोलं असतं त काय झालं असतं, सांगा." आणि मग हात जोडून वरती बघितलं. "थो डबा म्हणजे आमचा देव हाय."

मी विचारलं, "बॅकअप कुठे ठेवता?"

"रोज होते जी आपोआप. त्याच्यातच."

त्याच्यातच. त्याच मशीनमध्ये, त्याच डिस्कवर. म्हणजे तिजोरीची दुसरी चावी तिजोरीतच ठेवल्यासारखं. मी बाहेरची एक हार्ड डिस्क आणायला हवी होती, आणली नव्हती. ती नवीन सर्व्हरबरोबर येणार होती. मनात आलं, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे.

सर्व्हरची खोली व्हरांड्याच्या टोकाला. पूर्वी तिथे औषधांचा साठा असायचा. एकच दार, तेही करकरणारं. एक खिडकी, तिला हिरवा पडदा, आणि खिडकीत कूलर. कोपऱ्यात टेबलावर सर्व्हर, खाली यूपीएस. भिंतीला लागून एक लाकडी बाक. मी टेबलाकडे तोंड करून बसले, म्हणजे बाक माझ्या डाव्या हाताला, जरासा मागे.

ती दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते. कूलरची घरघर... वाळ्याचा ओला वास... पडद्यातून येणारा हिरवा उजेड, जणू खोली विहिरीच्या तळाशी आहे आणि वरून कुठूनतरी ऊन झिरपतंय. पोट भरलेलं. डोळे जड. प्रामाणिकपणे सांगते, मी पेंगत असेन तर नवल नाही. पण हात चालू होते. डेटाबेसची सेटिंग्ज एका फाइलमध्ये लिहिलेली असतात, ती मी उघडली होती. एकेक ओळ वाचायची, कागदावर टिक करायची. वाचायची, टिक करायची.

यादीत 'एफसिंक' नावाची एक ओळ असते. ती थोडी समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आपण नोंद टाकली की डेटाबेस ती डिस्कवर लिहायला देतो. हे सेटिंग चालू असेल तर तो थांबतो — खरंच लिहून झालं का, पक्कं झालं का, हे बघूनच पुढे जातो. बंद असेल तर थांबत नाही. लिहिलं असेल, चला पुढे. त्याने वेग मिळतो, पण मध्येच वीज गेली तर अर्धं लिहिलेलं, अर्धं राहिलेलं, असा घोळ होऊन अख्खा डेटाबेस उघडेनासा होऊ शकतो. म्हणून ते कायम चालू ठेवायचं असतं.

फाइलमध्ये लिहिलं होतं — चालू. मी टिक केलं.

"काय पाहून राह्यल्या मॅडम?"

डावीकडून आवाज आला. बाकावर एक वयस्क गृहस्थ बसले होते. एक पाय मुडपून बाकावर घेतलेला, अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट, कॉलरच्या आत रुमाल खोचलेला, जसा उन्हाळ्यात आपल्याकडे खोचतात. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलत होती. टकटक, टकटक, आवाज न करता... टायपिंग केल्यासारखी. मला वाटलं संस्थेतलेच कोणी असतील, कूलरच्या हवेला येऊन बसले असतील. दचकले वगैरे मुळीच नाही. उलट सोबत मिळाली म्हणून बरंच वाटलं.

"सेटिंग्ज बघतेय काका. नवीन मशीन येणार आहे ना, त्याआधी लिहून घेते."

"फाईल पाहून?"

"हो."

कूलर घरघरत होता. मग एकदम अहो-जाहो सोडून, घरातल्या पोरीशी बोलावं तसं म्हणाले, "फाईल नोको पाहू बाई. फाईल त काईबी सांगते. त्यालेच इचार."

आता यात जादूटोणा काही नाही. आमच्या धंद्यातली ही साधी आणि पक्की गोष्ट आहे. मुख्य फाइलशिवाय आणखी एक छोटी फाइल असते. तिच्यात काही लिहिलेलं असेल तर डेटाबेस तिचं ऐकतो, मोठीचं नाही. दारावर पाटी एकाची आणि आत राहतो दुसराच, असं होऊ शकतं. म्हणून चालू असलेल्या डेटाबेसलाच विचारायचं असतं, बाबा रे, तू आत्ता काय मानतोयस? मला हे माहीत होतं. मी इतरांना हे शिकवते! पण त्या दिवशी ऊन, जेवण, आळस... मी फाइल बघून टिका मारत सुटले होते. मला लाजच वाटली.

मी प्रश्न टाइप केला. उत्तर आलं. एफसिंक — बंद.

झोप उडाली. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. बंद. छोट्या फाइलमधून आलेलं.

"बंदच हाय न?" ते म्हणाले. स्क्रीनकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं. ते पडद्याकडे बघत होते.

"हो काका... कोणी केलं असेल हे?"

"म्याच केलं." बोटं हलायची थांबली. "जुने रजिस्टर चढोले तवा. लय रजिस्टर होते. हळू चालत होतं, म्हणून बंद केलं. झालं का चालू करतो म्हटलं..." आणि मग बराच वेळ गेला. इतका की मला वाटलं ते विसरले काय बोलत होते. "मंग राह्यलंच. आठोते, अन् जाते. आठोते, अन् जाते."

त्यांचा तो आवाज मी विसरू शकत नाही. आपण घरून निघालो आणि गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही, तेव्हा मन जसं मागे धावतं ना, तसं काहीतरी त्या आवाजात होतं. पण फार जुनं. फार थकलेलं.

मी म्हटलं, "असू द्या काका, होतं. मी करते चालू." आणि केलं. छोट्या फाइलमधली ती ओळ काढली, डेटाबेसला सेटिंग्ज नव्याने वाचायला लावली, परत विचारलं. चालू. मग मेमरीत जे काही रेंगाळत असेल ते सगळं सक्तीने डिस्कवर उतरवलं. मशीनच्या नोंदीत वेळ आहे — दोन एक्कावन्न.

"झालं?"

"झालं काका."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं माय," म्हणाले. भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. मी कागदावर मघाची टिक खोडून शेजारी बारीक अक्षरात लिहायला लागले, 'फाइलमध्ये चालू, प्रत्यक्षात बंद, आता दुरुस्त'. कूलरमधून पाण्याचे थेंब पडत होते. एक... एक... एक. त्या खोलीत इतकी शांतता होती की मला माझ्या पेनचा आवाज येत होता. मला आठवतं, मनात आलं होतं की ही दुपार संपूच नये.

किती वेळ गेला सांगता येत नाही. नोंदीवरून बघितलं तर वीस मिनिटं. बाहेर कुठेतरी धाडकन आवाज झाला — रोडवरचा ट्रान्सफॉर्मर उडाला होता, उन्हाने रोज कुठला ना कुठला उडतच होता — आणि कूलर घरघरत घरघरत थांबला. यूपीएसने एकदा टीं केलं. मी म्हटलं, ठीक आहे, मशीन नीट बंद करायला दहा मिनिटं तरी मिळतील. हात कीबोर्डवर नेला आणि यूपीएस मेला. टीं पूर्णही झालं नाही. सर्व्हरचा पंखा फिरत फिरत थांबला. स्क्रीन काळी.

मी वळून म्हटलं, "काका..."

बाकावर कोणी नव्हतं. म्हणजे, बसायला जागाच नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत जुन्या रजिस्टरांचे गठ्ठे रचलेले होते, सुतळीने बांधलेले, वरती धुळीचा थर. बोट फिरवलं तर रेघ उमटली. दार बंद होतं. ते दार उघडलं की अख्ख्या व्हरांड्याला कळतं.

मी घाबरले नाही, खरं सांगते. त्या क्षणी मला मशीनची काळजी जास्त होती. बाहेर आले तर रजनीताई पदराने वारा घेत येतच होत्या. "लाइन गेली जी! सकाळपासून पोरींनी तीन गावचे फॉर्म भरले त्याच्यात. राह्यलं न ते?"

"लाइन आली की कळेल," मी म्हटलं. आणि मग सहज विचारल्यासारखं, "ताई, आत एक काका बसले होते ते कुठे गेले?"

"कोणते काका? आज गडीबी सुट्टीवर हाय."

मी वर्णन केलं. पांढरा शर्ट, कॉलरमध्ये रुमाल. त्या नुसत्या ऐकत होत्या. मी गुडघ्यावर बोटं हलवून दाखवली, तशा त्या व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसल्या.

"असे बोटं त उमाटे काकाच हालवत," त्या हळू म्हणाल्या. "आमचे पहिले ऑपरेटर. हा डबा त्याईनंच बसोला."

माझ्या तोंडून निघून गेलं, "गेले का ते?"

"नाई व! जिते हाय. हिंगणघाटले, पोरीकडं." त्यांनी कपाळाला हात लावला. "पण डोक्यातून सगळं गेलं त्याईच्या. चार साल झाले. कोणालेच ओळखत नाई. घराबाहीर कुठून येतीन ते?"

मी पुढचं काही बोलले नाही. काका काय म्हणाले, कोणतं सेटिंग, काय बंद होतं — यातला एक शब्दही मी रजनीताईंना सांगितला नाही. हे लक्षात ठेवा, कारण नंतर मी स्वतःला हे शंभरदा विचारलं आहे.

लाइन तासाभराने आली. मी सर्व्हर सुरू केला तेव्हा रजनीताई माझ्या मागे उभ्या राहून पुटपुटत होत्या. बहुतेक केळझरच्या गणपतीला काहीतरी बोलत होत्या. अचानक बंद पडलेला डेटाबेस उठताना आधी आपल्या नोंदी तपासतो, कुठपर्यंत पक्कं झालं होतं ते शोधतो, तिथून पुढे सगळं जुळवून घेतो. काही सेकंदांचं काम. ते सेकंद फार लांब होते. मग तो उठला. सगळं होतं. पहिल्या नोंदीपासून सकाळी भरलेल्या शेवटच्या फॉर्मपर्यंत. परवाच्या त्या पोरीचं पानही उघडून पाहिलं. होतं.

आता तुम्ही म्हणाल, सेटिंग बंद असतं तर बिघडलंच असतं का? तसं नाही. कदाचित काहीच झालं नसतं. निदान चार वर्षं ते बंदच होतं आणि निभावलं, कारण यूपीएसने दर वेळी साथ दिली. यूपीएसची बॅटरी उघडली तेव्हा ती फुगून फुटायला आली होती. त्या दिवशी पहिल्यांदाच मशीन असं एका झटक्यात मेलं, आणि तेही सेटिंग चालू केल्यानंतर वीस मिनिटांनी. मी एवढंच सांगू शकते.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तू पेंगत होतीस. तुला मनातून माहीत होतं की डेटाबेसलाच विचारायला हवं. झोपेत तुझ्याच मनाने तुला आठवण करून दिली, आणि भिंतीवर कुठे त्या काकांचा फोटो असेल, तो चेहरा लावला." पटलं मला. खरंच पटलं. रजनीताईंना फोन करून विचारलं, फोटो कुठे आहे का? म्हणाल्या, नाही. तरीही मला पटलंच होतं.

रविवारी मी हिंगणघाटला गेले. कारण काढलं होतं जुन्या सर्व्हरचे काही कागद त्यांच्याकडे आहेत का ते विचारायचं. खरं कारण मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

त्यांची मुलगी, वैशाली. माझ्याच वयाची. आधी शाळेत शिकवायची. बाबांना एकटं सोडता येत नाही म्हणून नोकरी सोडली, आता घरी ब्लाउज शिवते. दोन खोल्यांचं घर, मशीनवर अर्धवट बाही लटकलेली. आतल्या खोलीत पलंगावर काका बसले होते. बनियन, लुंगी. एक पाय मुडपून घेतलेला. तेच. चेहरा तोच, फक्त इथे तो रिकामा होता... माणसं सोडून गेल्यावर मागे घर राहतं तसा. उजव्या हाताची बोटं गादीच्या काठावर हलत होती.

"बाबा, पाहा कोण आलं तुमच्या दवाखान्यातून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग खिडकीकडे. दोन्हींत काही फरक नव्हता.

"मलेच नाई ओळखत," वैशाली म्हणाली. हसून म्हणाली, रोज म्हणून सवय झालेलं वाक्य असतं तसं. "कवा सिस्टर म्हणते, कवा बाई म्हणते. आता त तेबी नाई. बोलणंच बंद झालं." मग ती थांबली. "म्हणजे... मंगळवारी बोलले. लय दिवसांनी."

मी विचारलं, काय बोलले?

"काई अर्थ नोता त्याले. पण डॉक्टरनं सांगितलं हाय, सगळं लिहून ठेवत जा. झोप, गोळ्या, काय खाल्लं, काय बोलले." तिने उशाखालून एक शंभर पानी वही काढली आणि मला दिली.

मी ती वही उघडली. निळ्या पेनाने, शिक्षिकेच्या सुबक अक्षरात, रोजची एक नोंद. सकाळची गोळी दिली. दोन घास खाल्ले. बोलले नाही. पुढचा दिवस. गोळी दिली. दूध घेतलं. बोलले नाही. पानामागून पान. बोलले नाही. बोलले नाही. बोलले नाही. मी पानं उलटत मंगळवारपर्यंत आले.

तिथे लिहिलं होतं — 'दुपारी दोनला झोपले. तीनला उठले. घामाघूम. बोलले: तिले म्हटलं फाईल नोको पाहू, त्यालेच इचार. बंदच होतं. केलं तिनं चालू. — कोणाले म्हटलं बाबा, असं विचारलं. उत्तर नाही. संध्याकाळी शांत झोपले.'

खाली बुधवारची नोंद. गुरुवारची. शुक्रवारची. शनिवारची. बोलले नाही.

मी ते किती वेळा वाचलं माहीत नाही. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. पलंगावर बोटं हलत होती. मला भीती वाटली नाही. वाटलं ते असं की मी पुन्हा त्या हिरव्या उजेडात बसले आहे आणि खूप लांबून कोणीतरी, जीव खाऊन, चालत माझ्याकडे आलेलं आहे.

मी वैशालीला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं की काय, हे आजही कळत नाही. ती उभीच होती, मापाची टेप तशीच गळ्यात. तिने मला वेडी म्हटलं नाही. तिने एकच विचारलं, आणि ते माझ्या कल्पनेतही आलं नव्हतं.

"तिथं बोलत होते न ते? चांगले, समजून-उमजून?"

"हो."

"मंग..." तिने गळ्यातली टेप काढून गुंडाळायला घेतली. "माह्याबद्दल काई म्हटलं का जी?"

काय सांगायचं होतं मी? चार वर्षं ज्या माणसाला ती भरवते, पुसते, झोपवते, त्याला एका मशीनमधलं राहून गेलेलं काम आठवलं आणि ती आठवली नाही, असं?

"म्हणाले," मी म्हटलं. "पोरगी लय करते माहं, म्हणाले."

तिने वही माझ्या हातातून घेतली, पलंगाच्या काठावर बसली, आणि मंगळवारच्या नोंदीखाली जी थोडी जागा होती तिथे दाटून दाटून ते वाक्य लिहिलं. मग बाबांना वाचून दाखवलं. एकदा. दोनदा. त्यांची बोटं चालूच होती. तिने त्यांचा तो हात आपल्या हातात धरला, तेव्हा बोटं तिच्या तळव्यावर हलत राहिली.

ते वाक्य मी रचलेलं आहे. काका असं काहीही म्हणाले नव्हते. बाकी वर लिहिलेलं सगळं जसं घडलं तसं आहे. त्यात माझी झोप किती, योगायोग किती, हे ज्याने त्याने ठरवावं. ह्यांनी वही पाहिलेली नाही, ते अजूनही झोपेवर ठाम आहेत. मी रजनीताईंना काही बोलले नव्हते. वैशालीने मला आधी कधी पाहिलं नव्हतं. तरी ते शब्द त्या पानावर कसे आले, मला खरंच माहीत नाही. विचार करून करून मी थकले आणि सोडून दिलं.

नवीन सर्व्हर आला, नीट चालू आहे. काका आहेत तसेच आहेत. वैशालीचा अधूनमधून फोन येतो. मागच्या महिन्यात सहज म्हणाली की दुपारी बाबा झोपले की ती हे सदर वाचते. तेव्हापासून हे लिहायचं घोळत होतं. नावं बदलली तरी ती ओळखेलच.

वैशाली, ते वाक्य वहीत ठेवायचं की खोडायचं ते तू ठरव. मला फोन कर. रागावलीस तरी कर.